गोळा चमकतो कसा?



पडद्यावर पांढरा कॅनव्हास दिसतोय. त्यावर आपण लाल, गुळगुळीत, चकाकणारा चेंडू काढणार आहोत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच संपला. तुमचाही संपला असेल तर काळजी नको.

सॉफ्टवेअरचं नाव गिम्प. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. ते फुकट आहे, आणि मुक्तही आहे: वापरा, बदला, मित्राला द्या, कायद्याने हक्कच आहे. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची कामं करणारी कितीतरी मुलं महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी वापरतात. तिच्यासोबत व्हायरस येतो आणि धंदा वाढला की धास्तीही येते. त्यापेक्षा हे शिका.

आता चेंडू. नवीन पारदर्शक लेयर घ्या. एलिप्स सिलेक्टने आकार ओढता ओढता शिफ्ट दाबा, नेमकं वर्तुळ होईल. पुढचा रंग फिका लाल, मागचा गडद किरमिजी. ग्रेडियंट टूलचा आकार रेडियल ठेवा आणि वर्तुळाच्या मधून नाही, तर वर-डाव्या बाजूने सुरुवात करून खाली उजव्या कडेपर्यंत ओढा. झाला गोल! अजून चमकत नाही, मातीचा वाटतो.

चमक वेगळी गोष्ट आहे. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो; गुळगुळीत पृष्ठभागावरून तो ठरावीक दिशेने परततो आणि एक तेजस्वी ठिपका दिसतो. बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने युटा विद्यापीठात हेच गणितात बसवलं, त्याचा लेख १९७५ चा. ठिपका जितका लहान आणि धारदार, तितकी वस्तू गुळगुळीत. प्लास्टिकवर तो ठिपका दिव्याच्या रंगाचा, म्हणजे बहुधा पांढरा असतो. सोन्यावर मात्र पिवळसर असतो. पुढाऱ्यांच्या बॅनरवरची सोनेरी अक्षरं पिवळ्या प्लास्टिकची वाटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच!

म्हणून आणखी एक लेयर. वरच्या भागात छोटी लंबगोल निवड, पांढऱ्याकडून पारदर्शककडे जाणारा ग्रेडियंट, वरून खाली. मग चेंडूच्या खालच्या लेयरवर काळा चपटा लंबगोल भरा, निवड काढून टाका आणि गॉसियन ब्लर द्या. निवड तशीच राहिली तर ब्लर तिच्या बाहेर पसरत नाही, सावलीची कड कापल्यासारखी दिसते. ओपॅसिटी निम्म्यावर आणा. आता बघा, उचलून घ्यावासा वाटतोय ना?

आता माझा आवडता भाग. वर उजळ आणि खाली गडद असं साधं वर्तुळ फुगीर दिसतं. तेच उलटं केलं की खड्डा दिसतो. मेंदू गृहीत धरतो की उजेड वरून येतो, कारण सूर्य वर असतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये अशी वर्तुळं दाखवून हे मांडलं. पडद्यावर ना फुगवटा आहे, ना खड्डा. आपण तो पाहतो, आणि शपथेवर सांगायलाही तयार होतो.

दंग्याच्या अफवांसोबत मोबाइलवर जे फोटो फिरतात, ते पाहताना हे आठवा. चार लेयर आणि दहा मिनिटांत आपण नसलेला चेंडू उभा केला. फोटोतल्या दोन माणसांच्या डोळ्यांतले ठिपके वेगवेगळ्या बाजूंना आहेत का? एकाची सावली आहे आणि दुसऱ्याची नाही का? जमीन उंचसखल असेल, दिवे अनेक असतील तर खऱ्या फोटोतही सावल्या विचित्र पडतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका. पण फॉरवर्ड करायला निघालेला अंगठा थांबवायला तेवढी शंका पुरे. सावल्या जुळल्या म्हणून फोटो खरा, असंही नाही; चांगला कारागीर सावलीही बरोबर काढतो, आणि जुना फोटो नव्या मजकुराखाली टाकला तर सावल्या बरोबरच असणार. तिथे तो फोटो आधी कधी, कुठे छापला गेला होता हेच शोधावं लागतं.

आता लॅपटॉप उघडा. फाइल एक्ससीएफमध्ये सेव्ह करा, म्हणजे लेयर सुटे राहतील. ज्यांचा चेंडू झालाय, त्यांनी उजेड उजवीकडून आणून दाखवा. ठिपका, ग्रेडियंट आणि सावली, तिन्ही हलवावे लागतील.