आधी वही, मग प्रोफाइल

फेटे बांधून, नऊवारी नेसून मघापासून चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

तुमच्या सरांनी फोनवरच विषय ठरवून दिला होता. लिंक्डइनवर आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर आपली प्रोफाइल कशी सुधारायची. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळते, मुलाखती घ्यायला बसते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. बोलणारच आहे त्यावर. पण गेटातून आत आले आणि पहिली नजर वर्कशॉपकडे गेली. दाराला तोच निळा रंग आहे, बघून फार बरं वाटलं.

मी या शाळेत शिकत होते तेव्हा चिखली नुकतीच महापालिकेत आली होती. 1997 साल ते. टेल्कोची बस आली की आमच्या आळीला घड्याळ बघावं लागायचं नाही. कुदळवाडीच्या बाजूला शेतं होती आणि शेतांच्या मधेमधे पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. टेक्निकलला आम्ही मोजक्याच मुली. आमचे वर्कशॉपचे सर हातात लोखंडी पट्टी आणि फाइल, म्हणजे कानस, द्यायचे आणि म्हणायचे, काटकोनात आण. दुपारभर घासायचं. ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड यायचे. जॉब घेऊन सरांकडे गेलं की ते जॉबकडे बघायचेच नाहीत. "वही?" एवढंच विचारायचे. कोणती फाइल वापरली, किती वेळ लागला, कुठे अडलं, कसं सोडवलं. चार ओळी लिहिलेल्या असल्या तरच जॉबला हात लावायचे. बाहेर बेल होऊन गेलेली असली तरी.

मुलांनो, मला आज तुम्हाला हेच सांगायचं आहे. केलेलं काम त्याच दिवशी लिहून ठेवा.

आपलं गाव टाळगाव चिखली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची नावं इथल्या लहान मुलांनाही ऐकून माहीत असतात. त्यातले संताजी महाराज जगनाडे चाकणचे, सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. लिहून ठेवण्याचं मोल ज्या भागाला साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे, तिथली मुलं मुलाखतीत माझ्यासमोर बसतात आणि विचारलं, "तिथे काय काम करत होतास?" तर म्हणतात, "सगळंच करायचो मॅडम." सगळंच म्हणजे काय? दोन वर्षं मशीनवर उभा राहिलेला मुलगा, आणि त्याला एक जॉब नीट सांगता येत नाही. काम केलेलं असतं, हुशारीही असते, पण सांगायला हाताशी काही नसतं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मागे एक मुलगा आला होता, व्हीएमसी मशीनवर काम केलेला. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि वाचून दाखवलं. सेकंड शिफ्ट. होलची पोझिशन सरकत होती. टूल बदललं, फरक नाही. फिक्स्चरच्या लोकेटरवर चिप अडकली होती. एअर गन मारली, पोझिशन आली. बस, एवढंच. पण त्या चार ओळींत मला त्याचा हात दिसला, डोकं दिसलं आणि खरेपणा दिसला. त्याची लिंक्डइनची प्रोफाइल मी नंतर उघडली, तीही तशीच होती. वही असेल तर प्रोफाइल लिहायला अर्धा तास पुरतो.

आता विषयाकडे येते. पूर्वी नोकरी कळायची ती कंपनीच्या गेटवरच्या 'पाहिजेत' या पाटीवरून, नाहीतर मामा-काकांच्या ओळखीने. चिखली पालिकेत आली त्याच वर्षी नोकरी डॉट कॉम सुरू झालं, 2003 मध्ये लिंक्डइन आलं. आज आमच्याकडे बायोडेटा आला की आधी मोबाइलवर नाव शोधलं जातं. लिंक्डइनवर नावाखाली एक ओळ असते, जास्तीत जास्त 220 अक्षरांची. तिथे बहुतेक मुलं कष्टाळू, डायनॅमिक, नोकरीच्या शोधात असं लिहितात. त्यातून मला काहीच कळत नाही. 'व्हीएमसी सेटर, फॅनुक कंट्रोल, अॅल्युमिनियम हाउसिंग, चाकण' असं लिहा. मशीन लिहा, कंट्रोल लिहा, कोणता पार्ट ते लिहा, कारण आम्ही शोधतो ते याच शब्दांनी. फोटो साधा, चेहरा दिसणारा. इंग्रजी सोपं चालेल, दुसऱ्याचं उचललेलं चालणार नाही, पहिल्या प्रश्नातच उघडं पडतं. आणि कारखान्यातल्या ड्रॉइंगचा, पार्टचा फोटो कधीही टाकू नका. तो माल गिऱ्हाइकाचा असतो, त्यापायी नोकरी जाते. कोणी नोकरी लावतो म्हणून पैसे मागितले तर तिथेच बोलणं थांबवा आणि घरी सांगा.

इथली बरीच मुलं ठेकेदारामार्फत कामाला जातात. गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं नाव आणि उभी कंपनीच्या लाइनवर. मग प्रोफाइलवर काय लिहायचं, असं मला विचारतात. जे आहे ते लिहा. अमुक ठेकेदारामार्फत, अमुक लाइनवर, अमुक काम. त्यात कमीपणा काही नाही. लपवलं तर कागदपत्रं तपासताना अडचण होते, आणि काम तर तुमचंच असतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीत महापालिकेची मोठी कारवाई झाली, हजारो शेड पाडल्या गेल्या. बरोबर-चूक हा आजचा विषय नाही. पण त्या शेडमध्ये आपली किती मुलं लेथवर, वेल्डिंगवर, प्रेसवर हात बसवत होती! छोट्या वर्कशॉपमध्ये अनुभवाचा दाखला कोण देतं? आणि मालक दुसरीकडे गेला, पाटी गेली, तर दाखला मागायचा कोणाकडे? अशा मुलाजवळ उरतं ते त्याने लिहून ठेवलेलं. म्हणून सांगते, मालकाशी संबंध चांगले आहेत तोवर त्यांच्याकडून चार ओळींची शिफारस लिहून घ्या. लिंक्डइनवर त्याची सोय आहे. मालक तिथे नसतील तर वर्कशॉपच्या लेटरहेडवर घ्या, सही-शिक्क्यानिशी.

समोर दुसऱ्या रांगेत माझ्या वर्गातली एक मैत्रीण बसली आहे, मुलीला घेऊन. तिने सोळा वर्षं खानावळ चालवली. दोन्ही वेळचे डबे, महिन्याचा हिशेब, उधारी, गॅसचे वाढते दर, सगळं तिच्या वहीत आहे. ताई, तुझ्या मुलीला ती वही दाखव. कामाची नोंद कशी ठेवतात ते तिला घरातच शिकायला मिळेल. आणि पालकांनो, पोरगं कामावरून आल्यावर पगार कधी होणार हे जरूर विचारा, पण आज काय शिकलास हेही विचारा. जेवताना सांगितलेलं लिहायला सोपं जातं.

दहावीच्या मुलांनी लगेच खातं काढायची घाई करू नये, लिंक्डइनला सोळा वर्षं पूर्ण लागतात. वहीला वयाची अट नाही. आज सायन्सच्या प्रदर्शनात पाण्याची पातळी दाखवणारा अलार्म ज्यांनी बनवला, त्या मुलींनी आज रात्रीच लिहून ठेवावं की वायर कुठे सुटत होती.

अध्यक्ष महोदय, एक विनंती. पुढच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी संगणक कक्ष उघडा ठेवावा. आमच्या कारखान्यातले दोन सहकारी घेऊन मी येते, बारावी आणि व्यवसाय अभ्यासक्रमाच्या मुलांची प्रोफाइल तिथेच बसून करून घेऊ. सरांकडे नावं द्या. येताना वही आणा, आपापल्या प्रॅक्टिकलचं निदान एक पान लिहिलेलं हवं. ते बघूनच आत घेणार आहे.