पडलेली भिंत काय सांगते

इमारत पडली की लोक विचारतात, दोष कुणाचा? आमच्यासारख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी शोधायचं असतं, पहिलं काय सुटलं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. एवढ्या जाड दगडी भिंती कोसळल्या कशा? ढिगाऱ्यातच उत्तर होतं. आत-बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादऱ्यानं थर सुटले, वरून माळवदाची माती आली. कित्येक घरांत लाकडी खांब मात्र उभेच राहिले!

२०२४ च्या मार्चात आणि जुलैत शेजारच्या हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले. माळवद उन्हाळ्यात गार असतं, ते पाडा असं मी म्हणणार नाही. पण नवी माती टाकताना जुनी उतरवता का? भिंतीला फुगवटा आला असेल तर थर सुटू लागलेत. आधी छताला टेकू द्या. मग अंतराअंतरावर आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरता येतं. दगड मात्र घणानं ठोकायचे नाहीत, हळूहळू सैल करून काढायचे.