काचघराचे चक्र आणि आपली पऱ्हाटी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मागच्या बैठकीत एका तरुणाने रंगीत माहितीपत्रक माझ्या हातात दिले. पॉलिहाऊस उभारा, ५० टक्के अनुदान मिळवा, हॉलंडसारखी शेती करा. तो म्हणाला, "भाऊ, दोन एकर गहाण टाकून कर्ज काढू का?" त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. आज देतो. पण आधी हॉलंडचा हिशेब पाहू.

हॉलंडात सुमारे दहा हजार हेक्टर जमीन काचेखाली आहे. हेग शहराजवळच्या वेस्टलंडमध्ये शिवारच्या शिवार काचेचे. टोमॅटो मातीत नाही, दगड वितळवून केलेल्या लोकरीच्या गादीवर वाढतो. एका चौरस मीटरला वर्षाकाठी पन्नास किलोच्या आसपास माल निघतो. ही काय नुसती हुशारी? १९५९ साली ग्रोनिंगेन भागात जमिनीखाली नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. तो स्वस्त वायू जाळून कडाक्याच्या थंडीत काचघरे तापवली. सगळा डोलारा त्यावर उभा राहिला.

मग बिल आले. वायू उपसल्याने ग्रोनिंगेनमध्ये भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबवला गेला. त्याआधी २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने वायूचे भाव भडकले आणि कित्येक काचघरे त्या हिवाळ्यात अंधारातच राहिली. सांडपाण्यातली औषधे नाल्या-कालव्यांत जात होती. २०१८ पासून कायदा आला, की बाहेर सोडायच्या पाण्यातली किमान ९५ टक्के औषधे आधी काढा.

म्हणून तिथला शेतकरी चक्राकडे वळला. गादीतून निथळलेले पाणी गोळा करायचे, निर्जंतुक करायचे, त्यातले खत मोजायचे आणि पुन्हा झाडाला द्यायचे. पाणी फिरत राहिले की त्यात मीठ साचते, म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी तळ्यात साठवून ते मिसळायचे. रॉटरडॅमच्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू २००५ पासून नळाने काचघरांत येतो आणि पिकाला खाऊ घातला जातो. काही ठिकाणी जमिनीच्या खोल पोटातले गरम पाणी उपसून काचघर तापवतात. जुन्या गाद्या दळून विटांत घालतात.

हे सारे पुण्य मिळावे म्हणून नाही. वाया घालवणे महाग पडू लागले म्हणून. आणि यंत्रे बसवण्याइतका पैसा मालातून हाती येत होता म्हणून.

आता आपल्या शिवारात या. एक क्विंटल कापूस जिनात गेला की रुई निघते ३४ किलोच्या आसपास. बाकी बहुतेक सरकी. रुई म्हणजे हवा, पाणी आणि ऊन; तिच्याबरोबर जमिनीचे फारसे काही जात नाही. जमिनीचा नत्र, स्फुरद, पालाश जातो तो सरकीत. तीच सरकी ढेप होऊन आपल्याला विकत घ्यावी लागते. ढेप बैलाने खाल्ली, शेण शेतात गेले, तर चक्र पुरे होते. बैल विकला, की चक्र तुटले आणि युरियाची उधारी सुरू झाली. ज्वारीच्या कडब्याचेही तेच.

आणि पऱ्हाटी? ती आपण धुऱ्यावर पेटवतो. रचून ठेवली तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, हे खरे. पण कुट्टी करून, शेणकाला घालून, ओल राखून नीट कुजवली, तर ढिगाच्या आतल्या उष्णतेत अळी मरते आणि खत हाती येते. मग शेतकरी जाळतो का? अडाणी आहे म्हणून? नाही. कुट्टी यंत्राचे भाडे आणि मजुरी कापसाच्या भावातून निघत नाही. काडी मात्र स्वस्त.

तेव्हा चक्र पूर्ण करा, पर्यावरण राखा, असे सांगणाऱ्यांना आपला एकच प्रश्न : ते फिरवायचा खर्च कोण देणार? भाव द्या, आम्ही काडीसुद्धा जाळणार नाही.

त्या तरुणाला माझे उत्तर असे. तंत्रज्ञानाला भिऊ नकोस. पण हॉलंडला उब हवी असते. आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंशांत झाकलेले घर थंड ठेवावे लागते. उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती तास टिकते? माल कोण घेणार, कोणत्या भावाने? तीन-चार वर्षांनी प्लास्टिकचा कागद बदलायला पैसा कुठून येणार? वावटळीने सांगाडा पडला तर हप्ता कोण भरणार? या चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिता आली तर खुशाल काढ. एकही अडले तर दोन एकर गहाण टाकू नकोस.

आणि तुम्हा सर्वांना एक काम. पुढच्या बैठकीला येताना एका कागदावर दोन रकाने आखून आणा. या वर्षी शेतातून काय काय बाहेर गेले आणि काय परत आले. तो कागद हातात असेल, तर भावाची मागणी नुसत्या घोषणेने नाही, हिशेबाने करता येईल.