टेडी शिवताना, टेडी विकताना

(मंडळाच्या गृहोद्योग मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



घरी टेडी कसा करायचा आणि कसा विकायचा, यावर बोला असा निरोप मंडळाकडून आला तेव्हा आम्ही दोघांनीही आधी नाहीच म्हटलं होतं. भाषणाची आम्हाला सवय नाही. आमच्यातली एक शिवते. दुसरा संध्याकाळी सरकारी कचेरीतून घरी आला की नटबोल्ट आवळतो आणि हिशेबाची वही लिहितो. आज बोलायला त्या दुसऱ्याला पुढे केलं आहे, पण अनुभव दोघांचा आहे. म्हणून सगळं बोलणं 'आम्ही' असंच होईल.

टेडी म्हटलं की राणीपुऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगलेली गुलाबी अस्वलं डोळ्यांपुढे येतात. आमचं काम ते नाही. परदेशात 'आर्टिस्ट टेडी' म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की आकृती काढण्यापासून नाकाच्या शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं एकाच हातचं, किंवा आमच्यासारखं दोन जोड्या हातांचं. त्याचं डोकं, हात, पाय फिरतात. ते मुख्यतः मोठी माणसं घेतात आणि सांभाळून ठेवतात.

टेडीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या बाप्पाशी जुळणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीच्या वेळी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने त्यांच्या लाडक्या नावावरून 'टेडी' आणला. साधारण त्याच सुमारास जर्मनीत स्टाइफ कंपनीनेही हातपाय फिरणारं अस्वल केलं. ती कंपनी सुरू करणाऱ्या मार्गारेट स्टाइफ लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असत. त्यांनी १८८० मध्ये पहिल्यांदा काय शिवलं असेल? हत्ती! टाचण्या खोचायला केलेली छोटी गादी होती ती. पण मुलं तिच्याशी खेळायला लागली आणि तिथून खेळण्यांचा धंदा उभा राहिला.

आता कामाकडे येऊ. कापडापासून सुरुवात करतो, कारण निम्मी चूक तिथेच होते. परदेशी कारागीर मोहेर वापरतात. अंगोरा बकरीच्या केसांची लव सुती पाठीवर विणलेलं हे कापड बाहेरून मागवावं लागतं आणि महाग पडतं. शिकताना ते घेऊ नका. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये आखूड लवेचं फर मिळतं, त्यावर पहिली चार-पाच अस्वलं बिघडवा. फर निवडताना लव बाजूला सारून पाठ बघा. पाठ विरविरीत असली तर भरताना शिवण फाटणार. आणि कापड ताणून बघा. फार ताणलं जात असेल तर अस्वल भरताना फुगतं आणि आपण काढलेला चेहरा कुठल्या कुठे जातो.

आकृती नेहमी कापडाच्या उलट्या बाजूवर काढायची. पुठ्ठ्याच्या प्रत्येक तुकड्यावर लवेच्या दिशेचा बाण हवा. लव वरून खाली जावी, मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तशी. कापताना टोकदार छोटी कात्री घ्या आणि तिचं टोक फक्त पाठीतून चालवा, लव कापायची नाही. लव कापली की शिवणीवर टक्कल पडतं आणि ते कशानेही झाकत नाही. शिवणीला पाऊण-अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, टीप बारीक आणि दुहेरी मारा. उलटल्यावर शिवणीत अडकलेली लव सुईच्या टोकाने बाहेर काढा. या एका कंटाळवाण्या कामाने घरचं अस्वल दुकानातल्यासारखं दिसतं.

सांध्यांबद्दल जरा जास्त बोलणार, कारण तो आमच्यातल्या मेकॅनिकल डिप्लोमावाल्याचा प्रांत. प्रत्येक सांध्याला हार्डबोर्डच्या दोन चकत्या, दोन मोठे वॉशर आणि मधून एक बोल्ट. जुने कारागीर बोल्टऐवजी दुपाती पिन घालून तिचे पाय पकडीने वळवतात. आम्ही सियागंजातून बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेला नट आणतो, म्हणजे हात हजारदा फिरवला तरी नट सैल होत नाही. बोल्टसाठी कापडाला कात्रीने भोक पाडू नका. दाभणाने धागे बाजूला सारा. कापलेलं भोक वाढत जातं, सारलेलं मिटतं. नट आवळताना हात जड फिरेल इतका आवळा. आज 'फारच घट्ट झालं' वाटतं, पण महिन्याभरात आतला कापूस दबतो आणि सांधा बरोबर होतो. पहिल्या दोन अस्वलांना आम्ही हलक्या हाताने आवळलं, त्यांचे हात आज लोलकासारखे लोंबतात. तीं घरीच आहेत.

भरायला उशीत घालतात तो फायबरचा कापूस चालतो. चिमूट-चिमूट घ्या आणि लाकडी काडीने दाबत, आधी नाकाच्या टोकापासून भरत या. डोकं दगडासारखं टणक हवं, नाहीतर डोळे ओढताना ते आत बसतं. मान कापसावर चकती ठेवून मजबूत दोऱ्याने बटव्यासारखी ओढून बांधायची. धड शेवटी भरायचं आणि पाठीची फट लपत्या टाक्याने बंद करायची.

चेहरा घाईत करू नका. काचेच्या डोक्याच्या दोन टाचण्या खोचून डोळ्यांची जागा ठरवा आणि अस्वल रात्रभर कपाटावर बसवून ठेवा. डोळे अर्धा सेंटीमीटर खाली आणि लांब नेले की ते बाळ दिसतं. वर आणि जवळ आणले की आमच्या साहेबांसारखं दिसायला लागतं, जणू आता फाइल परत करणार. काचेचे डोळे मेणाच्या दुहेरी दोऱ्याने ओवून मागे कानाखाली ओढून गाठ मारा. मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाणार असेल तर काच, मणी, बटण काहीही नको. डोळे रेशमाने भरा. सुटलेला डोळा आधी तोंडात जातो.

आता एक गोष्ट सांगतो. ती मंडळातल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, म्हणून पुरी सांगितलेली बरी.

फर शिवता शिवता आमच्याकडे आठवणीच्या टेडीची कामं यायला लागली. गेलेल्या माणसाचा शर्ट, आईची नऊवारी, बाळाची दुपटी घेऊन माणसं येतात आणि त्याचं अस्वल करून मागतात. हे कापड एम. टी.त मिळत नाही. संपलं की संपलं. एक आजी आजोबांचा चौकडीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घेऊन आल्या. आजोबा इथल्या कापड मिलमधले. कापडाला बोट लावून दर्जा सांगणारा माणूस! शर्ट वापरून पातळ झाला होता. असं कापड नुसतं भरलं तर उसवतं, म्हणून आम्ही पद्धतीप्रमाणे त्याला उलट्या बाजूने फ्यूजिंग चिकटवलं, इस्त्री केली आणि रात्री साडेअकराला कापायला बसलो. एक शिणलेली, दुसरा मोबाइलमध्ये.

डोक्याला दोन गाल लागतात, एक डावा आणि एक उजवा. पुठ्ठा एका गालासाठी सरळ आणि दुसऱ्यासाठी उलटा ठेवायचा. आम्ही दोन्ही वेळा सरळच ठेवला. चौकडीचं कापड एरवी दोन्ही बाजूंनी सारखं असतं, नुसतं असतं तर एक तुकडा पलटून घेता आला असता. पण एका बाजूला फ्यूजिंग बसलेलं. दोन डावे गाल तयार झाले आणि शर्टात उरलं काय, तर कॉलर, खिसा आणि काजांची पट्टी.

त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सकाळी एकजण म्हणाला, तसली चौकडी बाजारात शोधू, आजींना काय कळतंय. दुसरीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. संध्याकाळी दोघंही त्यांच्या घरी गेलो, कापलेले तुकडे पुढे ठेवले आणि झालं ते सांगितलं. आजी बराच वेळ दोन्ही गाल हातात घेऊन बसल्या. मग आत गेल्या आणि आजोबांची तपकिरी पँट घेऊन आल्या. म्हणाल्या, "याचा लावा दुसरा. ते तरी कुठे मॅचिंग घालायचे."

ते अस्वल एका गालाने चौकडीचं आणि एका गालाने तपकिरी आहे. खिसा छातीवर लावला. पैसे घेतले नाहीत, ते देत होत्या तरी.

तेव्हापासून घरात नियम आहे. दुसऱ्याचं कापड असेल तर पुठ्ठे मांडायचे, फोटो काढायचा आणि त्या रात्री कात्रीला हात लावायचा नाही. सकाळी ज्याने मांडलं नाही त्याने मोजायचं आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने 'डा' आणि 'उ' लिहायचं. मगच कापायचं. कापड घेतानाच विचारून घ्यायचं की धुवायचं का. पुष्कळ जण धुवू नका म्हणतात, त्यात वास असतो. जुनं रेशीम घडीवर चिरतं, ते आधीच दाखवून द्यायचं. आणि 'यातला थोडा भाग तसाच परत हवा का' हा प्रश्न न विसरता विचारायचा.

आता पैसे. आमचा पहिला विकलेला चौदा इंची टेडी ६०० रुपयांना गेला. आम्ही पेढे आणले. मग वही उघडली. सामान ३८० चं, वेळ २२ तास. म्हणजे तासाला १० रुपये. आज आम्ही १८ तास, तासाला १०० प्रमाणे १,८०० धरतो. सामान ५००, या दोन्हींच्या बेरजेवर बिघाडासाठी दहा टक्के, खोका आणि बांधणी १२०. बेरीज २,६५० होते. ही किंमत सांगताना सुरुवातीला आमचा आवाज बारीक व्हायचा. गिऱ्हाईक म्हणतं, "भैया, ऑनलाइन ढाई सौ में मिल रहा है." मिळतोच, आणि ज्याला तो हवा त्याने तोच घ्यावा. आम्ही वाद घालत नाही, अस्वल हातात देतो. डोकं फिरवून बघितल्यावर निम्मी माणसं भाव विचारायची थांबतात. उरलेली निम्मी जातात, तीही जाऊ द्यावीत. दहा तासांची मेहनत सोडून देऊन विकलेल्या मालाने पुढच्या कारागिराचाही भाव पडतो.

स्टॉल लावलात तर चार इंची छोटी अस्वलं जरूर ठेवा, स्टॉलचं भाडं त्यांतून निघतं. दुकानात ठेवायला दिलीत तर दुकानदार विक्रीवर तीस-चाळीस टक्के मागतो. जागा त्याची आहे, त्यामुळे मागणं गैर नाही. पण मग घरून त्याच्यापेक्षा स्वस्त विकू नका, तो माल मागे सरकवेल. ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घ्या. फोटो खिडकीच्या उजेडात, अस्वलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, शेजारी चहाचा कप ठेवा म्हणजे आकार कळतो. पावसाळ्यात पाठवायचं तर आधी सुती पिशवीत, मग खोक्यात. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की दमट वास धरतं. आणि दुसऱ्याची आकृती विकत घेतली असेल तर तिच्यावरून विकायला माल करण्याची परवानगी आहे का ते वाचा. बऱ्याचदा नसते.

कायद्याचंही बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी ती नोंदणी करून घ्या. काही जण पळवाट म्हणून 'शोभेची वस्तू' अशी चिठ्ठी लावतात आणि तोंडाने 'बाळाला द्या, काही होत नाही' सांगतात. तसं करू नका. आमच्या काचेच्या डोळ्यांच्या अस्वलाला शोभेची चिठ्ठी असते आणि घरात रांगतं मूल आहे म्हटलं तर आम्ही ते विकतच नाही. नोकरदारांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आचरण नियमांप्रमाणे आपल्याला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही आणि घरचं कोणी करत असेल तर कळवावं लागतं. आमचा उद्योग शिवणारीच्या नावावर आहे आणि कचेरीत लेखी कळवलेलं आहे. नट आवळणारा बिनपगारी आहे.

आरतीला अजून अर्धा तास आहे. मागच्या टेबलावर पुठ्ठ्याचे कापलेले आकार ठेवले आहेत, ज्यांना हवे त्यांनी कागदावर उतरवून घ्यावेत, आकृती आमची स्वतःची आहे. पहिल्या दोन सैल हातांची अस्वलंही आणली आहेत. मुलांनी ती खुशाल ओढावीत. डोळे त्यांचे रेशमाचेच आहेत.