फवारणीचे विष चढले तर



२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, फवारा तोंडावर येत होता. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ही माणसे विष प्यायली नव्हती. फवारताना ते कातडीतून आणि श्वासातून आत गेले.

आम्ही कृषीची पदवी घेतली. एकरी किती औषध, हे तोंडपाठ झाले. फवारणारा गडी धुऱ्यावर कोसळला तर काय करायचे, हे मात्र गावात येऊन शिकलो. तेच आज सांगतो.

डोके दुखते, घाम सुटतो, मळमळते, लाळ गळते, अंधुक दिसते, मांस फडफडते, धाप लागते. आपण म्हणतो, ऊन लागले, झाडाखाली पड घटकाभर. इथेच घात होतो. भिजलेला सदरा अंगावर आहे तोवर विष आत जातच असते.

म्हणून पहिले काम: त्याला फवारलेल्या रानाबाहेर मोकळ्या हवेत न्या. कपडे काढा, निघत नसतील तर फाडा. अंग, केस, नखे साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. धुणाऱ्याने हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी.

दुसरे: मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक काही पाजू नका. घशात बोटे घालून ओकारी काढू नका. बऱ्याच औषधांत रॉकेलसारखे तेल असते, ओकताना ते फुप्फुसात उतरते. शुद्ध हरपली तर डाव्या कुशीवर निजवा, तोंड पुसून श्वासाची वाट मोकळी ठेवा.

तिसरे: १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ती गाडी काढा. औषधाचा डबा लेबलासकट बरोबर न्या. दोन औषधे मिसळली असतील तर दोन्ही डबे न्या. फॉस्फरसवर्गीय विषावर ॲट्रोपिनचा उतारा आहे, बऱ्याच विषांवर असा उतारा नाही. डॉक्टरला नाव कळलेच पाहिजे. बरे वाटले म्हणून दवाखान्यातून पळून येऊ नका. या फॉस्फरसवर्गीय विषात एक ते चार दिवसांनी पुन्हा श्वास अडकू शकतो.

फवारणारा बहुधा मजूर असतो. रोज बुडेल म्हणून तो चक्कर सांगत नाही. तुम्हीच विचारा, पंप उतरवा आणि दिवसाची मजुरी पूर्ण द्या. त्याला रानात एकटा सोडू नका. पाण्याची टाकी आणि साबणाची वडी धुऱ्यावर आली नाही, तोवर पंप भरू नका.

आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन आहे का, हे हंगामाआधी जाऊन विचारा. आणि आज उठण्यापूर्वी प्रत्येक गावाने दोन नावे लिहून द्यावीत: रात्री-बेरात्री गाडी कोणाची, आणि चालवणार कोण.