भिंतींचा आधार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या नव्या इमारतीचा आराखडा आज आपणांसमोर आहे. तळमजल्यावर वाहनांसाठी जागा व्हावी म्हणून तेथील काही भिंती गाळाव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. तिच्यावर मत देण्यापूर्वी एका दूरच्या देशाचा अनुभव आम्ही आपणांपुढे ठेवू इच्छितो.

दक्षिण अमेरिकेतील चिली देश म्हणजे भूकंपांचे माहेरघरच. तेथील बहुतेक उंच निवासी इमारतींचा भार सळईबंद काँक्रीटच्या भिंतींवर असतो. खांब-तुळयांचा सांगाडा धक्क्याने बराच झुलतो. भिंती इमारतीला फारसे झुलू देत नाहीत. ३ मार्च १९८५ रोजी तेथे प्रचंड भूकंप झाला, तेव्हा व्हिन्या देल मार शहरातील अशा शेकडो इमारतींपैकी बहुतेक सुखरूप राहिल्या. कारण उघड होते. भिंती विपुल होत्या; प्रत्येक दिशेला मजल्याच्या क्षेत्रफळाच्या शेकडा दोन-तीन इतकी जागा भिंतींनीच व्यापलेली होती.

परंतु या यशातूनच ढिलाई उपजली. भिंतीच्या टोकांशी उभ्या सळ्यांना जवळजवळ रिंगा घालून काँक्रीट आवळून धरावे लागते. १९९६ च्या तेथील नियमांनी ही दक्षता आवश्यक मानली नाही. पुढे इमारती उंच होत गेल्या, भिंती मात्र पातळ राहिल्या. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ८.८ प्रतीचा भूकंप झाला. बहुसंख्य इमारती याही वेळी तगल्या. पण कित्येकींच्या तळाशी भिंतींची टोके चिरडली आणि सळ्या वाकल्या. वाहनतळासाठी जेथे वरच्या भिंतीची लांबी खाली कमी केली होती, तेथे हानी विशेष दिसली. कन्सेप्सिऑन शहरात तर पंधरा मजली नवी इमारत समूळ आडवी झाली व आठ माणसे दगावली. २०११ मध्ये तेथील नियम पुन्हा कडक करण्यात आले.

हे संकट परक्यांचेच, असे कोणी समजू नये. १९६७ चे कोयनानगर व १९९३ चे किल्लारी आपण विसरलेलो नाही. २००१ मध्ये भूकंप कच्छात झाला. पण दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत तळमजला मोकळा ठेवून खांबांवर उभारलेल्या अनेक इमारती कोसळल्या.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, वसतिगृहाची प्रत्येक भारवाही भिंत छपरापासून पायापर्यंत अखंड उतरावी. तिच्या टोकांच्या रिंगा काँक्रीट ओतण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याने स्वतः तपासाव्यात. आणि वाहनांची सोय आवारात अन्यत्र व्हावी. खर्च थोडा वाढेल, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या मातापित्यांनी आपली मुले विश्वासाने आपल्या हवाली करावयाची, त्यांच्या विश्वासापुढे चार वाहनांच्या जागेचे मोल ते किती?