यंत्राचे भाकीत आणि जन्माचा शिक्का

सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मूल जन्मण्यापूर्वीच त्याचे भवितव्य लिहून ठेवले. पारधी, कैकाडी आदी कुटुंबांना येथे तारेच्या कुंपणात कोंडले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. शिक्का गेला काय?

आता भाकीत संगणक करतो. कोणता विद्यार्थी शाळा सोडील, हे जुन्या नोंदींवरून वर्तविण्याचा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील अशाच यंत्रणेचे खोटे इशारे गोऱ्यांपेक्षा काळ्या मुलांच्या वाट्याला अधिक आले, हे २०२३ मध्ये उघडकीस आले.

जातीचा रकाना वगळला की न्याय झाला, हा युक्तिवाद फसवा आहे. वस्ती, पालकांचा धंदा, गैरहजेरी हे रकाने जातच बोलतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे गेलेले मूल हजेरीपटावर केवळ गैरहजर ठरते. त्यामागची मजुरी कोणत्याच रकान्यात येत नाही.

म्हणून भाकिताचे निकष व त्याच्या चुका जातवार प्रसिद्ध झाल्या पाहिजेत. पालकांना हरकतीचा हक्क हवा. आणि ज्याच्याविषयी इशारा मिळाला, त्या मुलाला वसतिगृह मिळावे, शिक्का नव्हे.